घड्याळजींची खुर्ची

"डोळा उसना मिळत नाही," असं घड्याळजी म्हणायचे. कॅमेरा घ्यायला आलेल्याला म्हणायचे, दुरुस्तीला आलेल्याला म्हणायचे, आणि नुसता पत्ता विचारायला दारात थांबलेल्यालाही म्हणायचे. घड्याळांचा धंदा त्यांच्या वडिलांचा. ह्यांनी आयुष्यभर कॅमेरेच केले. जुने घ्यायचे, खोलायचे, पुसायचे आणि नव्या हातात द्यायचे. नाव मात्र वडिलांचं चिकटलं ते चिकटलंच.

माझी भाची सोळा वर्षांची. डोळे मोठे, मान पिंगळ्या घुबडासारखी गर्रकन फिरवायची सवय, म्हणून घरात तिला सगळे पिंगळी म्हणतात. दोन वर्षं ती आईच्या फोनवर फोटो काढत होती. बंद दारं, दोरीवरचे शर्ट, रिकामे जिने.

"माणसं काढ की कधीतरी," तिची आई म्हणायची.

"माणूस आत्ताच गेलाय तिथून, म्हणून तर काढला," ही म्हणायची.

आता हिला खरा कॅमेरा घ्यायचा असं ठरलं, आणि मामा म्हणून मी सोबत निघालो.

घड्याळजींचं दुकान त्या आठवड्यात मोडायचं होतं. इमारत पाडणार होते. शनिवारपर्यंत खोली रिकामी करून द्यायची होती. त्यांची मुलगी तीन वर्षांपासून बोलावत होती, पण हे जागचे हलायला तयार नव्हते. आम्ही आत शिरलो तेव्हा फोनवर तेच चाललं होतं.

"येतो म्हटलं ना. नाही, आज नाही. अगं, तुझ्या आईला इथे एकटीला टाकून कसा येऊ?"

त्यांनी फोन ठेवला. मी पिंगळीकडे बघितलं नाही. त्यांची बायको जाऊन एकवीस वर्षं झाली होती, हे साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं.

"हं, कुणाला हवाय?" त्यांनी विचारलं.

"हिला. पहिलाच आहे. चांगला द्या, पुढे पस्तावायला नको."

"तुम्ही गप्प बसा, मामा. कॅमेरा तुमच्या गळ्यात पडणार नाहीये."

त्यांनी टेबलावर तीन कॅमेरे मांडले. पहिला थोरला, हातभर भिंगाचा, लग्नात मिरवणाऱ्यांच्या गळ्यात असतो तसा. दुसरा मधला, अंगावर बटणंच बटणं. तिसरा धाकटा, कडा झिजून आतलं पितळ दिसणारा. त्याचं भिंग एकच आणि पक्कं. दूरचं जवळ आणायचं तर आपल्या पायांनी जवळ जायचं.

"करंगळी कुठे बसते ते बघ," ते पिंगळीला म्हणाले. "करंगळी लोंबकळली तर तासाभराने मनगट रडतं. जो रोज गळ्यात राहील तो आपला. कपाटात राहतो तो पाहुणा."

मग परीक्षा. त्यांची रीत ठरलेली होती. खिडकीशी एक लाकडी खुर्ची होती, तिच्यावर निळी उशी. खुर्चीचे चारी पाय जमिनीला स्क्रूने आवळलेले. समोर फरशीवर पितळेची एक खूण ठोकलेली. गिऱ्हाइकाने त्या खुणेवर उभं राहायचं आणि प्रत्येक कॅमेऱ्याने खुर्चीचा एकेक फोटो घ्यायचा. जागा तीच, खिडकी तीच, वेळही दुपारचीच. म्हणजे फरक दिसला तर तो कॅमेऱ्याचाच. पूर्वी ते रोल धुवायचे. आता कोपऱ्यात लहानसा प्रिंटर होता.

"घेताना बोलायचं नाही," ते म्हणाले. "श्वास अर्धा सोडून दाबायचं."

पिंगळीने तीन फोटो घेतले. खोलीत पंखा नव्हता, वारा नव्हता. तरी तिसऱ्या वेळी माझ्या मानेवर गार काही फिरल्यासारखं झालं. दार नीट लागलं नसेल असं म्हणून मी वळून बघितलं. दार घट्ट लागलेलं होतं.

कागद बाहेर आले. घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावून खुर्चीच्या पाठीवरच्या रेघोट्या तपासायला घेतल्या. "थोरल्याची धार चांगली, रेघ न रेघ स्पष्ट. धाकट्याची कडेला जरा मऊ पडते." डोळ्यांत त्यांच्या मोतीबिंदूचा पडदा उतरलेला, कागद नाकाला टेकेपर्यंत जवळ घ्यायचे.

पिंगळी कागदाकडे बघत होती, मग खुर्चीकडे, मग परत कागदाकडे.

"आजोबा, खुर्ची अशी नाहीये."

"कशी?"

"खरी खुर्ची तुमच्या टेबलाकडे तोंड करून आहे. फोटोतली दाराकडे वळलीये. तिन्हींत."

मी कागद ओढून घेतला. पोरीचं खरं होतं. मी खाली वाकून खुर्ची हलवून बघितली. ती जागची केसभरही सरकली नाही. स्क्रूंवर गंज चढला होता.

"आणि उशीला खळगा आहे," पिंगळी म्हणाली. "कुणी बसल्यावर पडतो तसा."

खुर्चीवरची उशी फुगलेली होती.

घड्याळजींनी मागे वळून बघितलं. मागच्या भिंतीवर वीस-एकवीस वर्षांचे असे फोटो टाचणीने लावलेले होते, शेकडो. रिकामी खुर्ची, रिकामी खुर्ची, रिकामी खुर्ची. ते कॅमेऱ्यांच्या कंपनीप्रमाणे आणि भिंगाप्रमाणे लावलेले, कारण त्यांना तुलना धारेची करायची असे. प्रत्येकाच्या मागे त्यांच्या बारीक अक्षरात तारीख होती.

"तारखेने लावू का?" पिंगळीने विचारलं.

म्हाताऱ्याने होकाराची मान हलवली.

आम्ही दोघांनी टाचण्या काढल्या आणि फरशीवर फोटोंची रांग लावली. कपाटापासून निघालेली रांग टेबलाला वळसा घालून दारापर्यंत गेली. पहिल्या फोटोत खुर्चीचं तोंड थेट टेबलाकडे. पुढच्या दहांत काही कळत नाही. पण चालत गेलं की कळतं. खुर्ची वळत होती, भिंतीवरच्या घड्याळाच्या तासकाट्यासारखी. हलताना दिसत नाही, पण वेळ होऊन जाते. शेवटच्या फोटोंत ती दाराकडे बघत होती.

"चल गं, घरी जाऊ," मी म्हणालो.

"थांब मामा."

घड्याळजी गुडघ्यांवर बसून रांगेवरून हात फिरवत होते. "वीस वर्षं मी धार बघितली," ते म्हणाले. "खुर्ची बघितलीच नाही."

मग त्यांनी सांगितलं. ती खुर्ची बायकोची. तिथे बसून ती जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंना ब्रशने रंग भरायची. त्या दुपारी हे एका भिंगाचा शेवटचा स्क्रू बसवत होते. राईएवढा, सारखा निसटणारा. ती म्हणाली, "अहो, जरा इकडे बघता का?" हे म्हणाले, "थांब, एवढा स्क्रू बसू दे." स्क्रू बसला. ह्यांनी मान वर केली तेव्हा तिचा ब्रश खाली पडलेला होता.

"थांब म्हणालो मी तिला," ते म्हणाले. "ती माझं ऐकायची. मी गेलो आणि ती इथेच थांबलेली असली तर? उद्या-परवा ही भिंत पाडतील. तिला कोण सांगणार?"

पिंगळी रांगेच्या टोकाशी, दारापाशी उभी होती.

"आजोबा, त्या कधीच्या निघायच्या तयारीत आहेत," ती म्हणाली. "दाराकडे बघतायत. तुमचंच उठायचं राहिलंय."

बाहेर सायकलची घंटा वाजली आणि विरली. घड्याळजी टेबलाचा आधार घेऊन उठले, खुर्चीसमोर गेले. घसा खाकरला. घरातल्या माणसाशी बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाले, "बसला गं स्क्रू. चल."

मग पिंगळीकडे न बघता म्हणाले, "आता घे. कुठला घेतेस?"

तिने धाकटा उचलला, पितळ दिसणारा. करंगळी आपसूक खाली जाऊन टेकली. ती खुणेवर उभी राहिली, अर्धा श्वास सोडला, दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर खुर्ची आता खऱ्या खुर्चीसारखीच टेबलाकडे तोंड करून होती. उशी फुगलेली, खळगा नाही.

"हाच," ती म्हणाली.

"धार मऊ आहे त्याची," मी म्हणालो.

"असू दे."

घड्याळजींनी त्या कॅमेऱ्याला नवा पट्टा लावला आणि स्वतः तिच्या गळ्यात घातला. "डोळा उसना मिळत नाही," ते नेहमीसारखं म्हणाले, मग थांबून म्हणाले, "आज मिळाला." बाकीचा पसारा तसाच टाकून त्यांनी एक पिशवी घेतली, टोपी घातली, मुलीला फोन लावला. "निघालो," एवढंच म्हणाले.

आम्ही आधीच रस्त्यावर आलो होतो. घड्याळजींनी दार उघडलं, पण लगेच बाहेर पडले नाहीत. दार धरून कडेला उभे राहिले, कुणाला पुढे जाऊ देतात तसे. मग कुलूप लावलं, किल्ली दाराच्या फटीतून आत सरकवली आणि चालू लागले. एरवी रस्त्याच्या मधोमध चालणारा माणूस, आज कडेने चालला होता. भिंतीकडची बाजू मोकळी ठेवून, पावलं आखडती घेत.

पिंगळीने कॅमेरा डोळ्याला लावला होता. ते वळणावर पोहोचेपर्यंत तिने तो तसाच धरला. बोट बटणावर होतं, पण दाबलं नाही.

"काढ की," मी म्हणालो.

"दोघं चौकटीत मावत नाहीयेत," ती म्हणाली, आणि दोन पावलं मागे सरकून बघत राहिली.