एका चुलीची माणसं

चारुदत्त पाटणकर मूळचे साताऱ्याचे. बदली होऊन ते चंडीगडला आले ते १९७२ साली. काम तेच जुनं: घरोघर जाऊन लोक काय खातात, किती खातात, हे सरकारी पाहणीसाठी लिहून घ्यायचं. माणूस अगदी नेमका, आणि त्या नेमकेपणाची थोडी घमेंडही होती. एका चुलीवर जेवणारे ते एक घर, असा पाहणीचा नियम होता. चूल वेगळी झाली की घर वेगळं झालं, हे त्यांच्या गावाकडे पोरासोरांनाही ठाऊक, त्यामुळे हा नियम त्यांना कुणी शिकवावा लागला नव्हता.

इंडस्ट्रियल एरियामागच्या मजुरांच्या वस्तीत त्यांनी विचारलं, चूल्हा कुणाचा? बायका म्हणाल्या, सांझा, म्हणजे सगळ्यांचा मिळून. झालं! पाटणकरांनी गल्लीतली सगळी खोपटी एकच घर म्हणून लिहिली आणि सगळ्यांची कणीक माणसांत सारखी वाटली. प्रत्येकाच्या वाट्याला बरी येत होती. लोक म्हणतात तेवढी काही गरिबी नाही, असं घरी बायकोला, शशिकलाबाईंना, ते ऐकवूनही बसले.

कचेरीतल्या रघुवीर सिंगांनी कागद पाहून कपाळाला हात लावला. सांझा असतो तो तंदूर, कणीक ज्याची त्याची, असं त्यांनी समजावलं.

वरमलेले पाटणकर पुन्हा वस्तीत गेले. बायका आपापली परात घेऊन तंदूरपाशी येत होत्या. सरोज नावाची म्हातारी विधवा तेवढी रिकाम्या हातानं आली होती. ती तंदूर पेटवायची, सगळ्यांच्या रोट्या लावून द्यायची, आणि जाताना कुणीतरी एखादी तिच्या हातावर ठेवायची. विसरलं कुणी, तर ती मागत नसे. कागदावर मात्र ती गल्लीसारखीच पोटभर जेवत होती. पाटणकरांना स्वतःची फार लाज वाटली.

आता तुमचं घर वेगळं लिहितो, खरं काय ते वर कळू दे, असं त्यांनी तिला सांगितलं. म्हातारीचा चेहरा उतरला. तिच्या नात्याचं कुणीच उरलं नव्हतं.

"अलग मत लिखो, बेटा," ती म्हणाली. "रोटी की बात छोड़ो. इनमें गिनी हूँ, इतना रहने दो."

पाटणकरांनी तिच्या एकटीच्या घराचा नवा कागद घेतला आणि लिहिलं: माणसं, एक.

तिला वाचता येत नव्हतं. क्या लिखा, असं तिनं विचारलं.

"सबके साथ लिखा है, माँजी," पाटणकर म्हणाले.