पाळीवर अडकणारा गुडघा

भूतखेत, चकवा, अंगात येणं... असले विषय निघाले की मी उठून जाणारा माणूस. आजही जातो. पण माझ्या उजव्या गुडघ्याने मला एकदा खोटं पाडलं, आणि ते सांगितल्याशिवाय चैन पडत नाही म्हणून लिहितोय.

आमचं गाव सडक अर्जुनीपासून दीड कोसावर, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात. दुसरं महायुद्ध चालू होतं. आम्ही कोहळी, तलाव बांधणं आणि राखणं घरात चालत आलेलं. मी गावाचा पाणकर, म्हणजे तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, वाटून देणारा. सगळं काम पायावर... रोज तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, चालायची, पाण्यात उकिडवं बसून मोरीची डाट, म्हणजे बूच, काढायची. त्या उन्हाळ्यात पाळीच्या दगडांवर घसरलो आणि गुडघ्याची वाटी फुटली.

गोंदियाच्या डॉक्टरांनी सहा आठवडे पाय सरळ बांधून ठेवला. एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं. पण पावसाळा लागला, पाळीवर जाऊ लागलो, तर चालता चालता गुडघा अडकायचा — ना सरळ, ना वाकडा. डॉक्टर म्हणाले, "हड्डी बिलकुल ठीक है, मन का वहम है." वहम, आणि मला! असा संताप आला...

गंमत म्हणजे घरात, शेतात, बाजारात तो कधीच अडकत नव्हता. फक्त पाळीवर, पळसाच्या झाडाजवळ, एकाच जागी. उलट बाजूने चालून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं. तिथेच खट्!

माझ्या आधी पाणकर असलेले काका सोबत यायचे.

"काऊन थांबून राहिला गा?"

"पाय अडकला."

"रोज इथंच कायले अडकते? पाय हाय का अडेल बैल?"

चौथ्या दिवशी मात्र ते हसले नाहीत. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणून तिथेच मारली, तर ती हातभर आत गेली. पाळ खेकड्यांनी आतून पोखरलेली, पाणी झिरपत होतं. दिवसभर अख्खं गाव माती भरत होतं. दुसऱ्या दिवशी बाया माझ्या गुडघ्याला कुंकू लावायला आल्या! मी हाकलून दिलं.

दिवाळीनंतर तडक नागपूर गाठलं. तिथल्या सर्जननी समजावलं — वाटी फुटली तेव्हा तिच्या मागच्या गुळगुळीत कूर्चेचा टवका उडाला. तो सांध्यात मोकळा फिरतो आणि मधेच अडकतो. एक्स-रेत हाड दिसतं, कूर्चा दिसत नाही. ऑपरेशनशिवाय इलाज नाही.

काका म्हणाले, "राहू दे गा. काढू नोको."

"मी पाणकर होय का देवऋषी?" मी उखडलो.

टवका काढला. चिंचोक्याएवढा, पांढरा. उन्हाळ्यापर्यंत मी पुन्हा उकिडवा बसू लागलो. गुडघा परत कधी अडकला नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाळ दुसऱ्या टोकाला फुटली. त्याच सकाळी मी त्या जागेवरून दोनदा गेलो होतो, शीळ वाजवत. सगळ्यात आधी काकांचं धान रेतीखाली गेलं. काका फावडं घेऊन रेती उपसायला लागले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुडघा का अडकतो ते डॉक्टरांनी सांगितलं. तिथेच का अडकायचा, ते आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. मी अजून मानत नाही... तरी कुठल्याही पाळीवर गेलो की पावलं हळू पडतात. उजव्या पायावर भार देतो आणि थांबून वाट पाहतो. पाय सरळ पुढे जातो.