पॉज कर, टिकली दिसली

इंग्रज माणसाला 'राहू द्या हो' म्हणायचं नसतं, हे मला लग्न करून इकडे पाठवताना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं म्हणा. त्या वयात मला सगळंच येत होतं.

चाळीसेक वर्षं झाली असतील. लीड्समध्ये आमची विटांच्या जोडघरांची गल्ली, हे हॉस्पिटलात ड्युटीवर, लेक शाळेत, आणि गल्लीत टीव्हीवरच्या पोलिसी मालिकेचं शूटिंग. सकाळपासून मी खिडकीला चिकटून होते. पडदा जेमतेम दोन बोटं बाजूला. आपण कोणाला दिसत नाही, असा माझा समज होता. दुपारी दाराची बेल वाजली आणि एक दाढीवाला तरुण म्हणाला, समोरच्या घरात लहान मुलीच्या खोलीचा सीन आहे, पलंगावर ठेवायला एकदोन कॉमिक्स मिळतील का? संध्याकाळी परत आणून देतो.

टीव्हीवाला माणूस माझ्या दारात. मी त्याला आत बसवला, चहा दिला, पोहे दिले. त्याने मिरच्यांचे तुकडे एकेक वेचून बशीच्या कडेला ओळीने मांडले आणि 'लव्हली' म्हणाला. मग मी लेकीच्या पलंगाखालून कॉमिक्सचा अख्खा गठ्ठा ओढून काढला. एकदोन कशी द्यायची? त्याला वाटायचं, या बाईकडे आहेतच दोन.

संध्याकाळी तो शब्दाला जागून गठ्ठा घेऊन दारात उभा. आता आपल्याकडे अशा वेळी काय करतात? आपण म्हणतो, "अहो राहू द्या, एवढं काय त्यात." समोरचा म्हणतो, "छे छे, असं कसं." आपण परत म्हणतो, तो परत म्हणतो, दोघांची मनं राखली जातात आणि वस्तू ज्याची त्याच्याकडे येते. मी म्हटलं, "नो नो, कीप, कीप." त्याने विचारलं, "आर यू शुअर?" मी म्हटलं, "शुअर, शुअर." त्याने आणखी एकदा विचारलं. मी आणखी जोरात शुअर. तिसऱ्यांदाही विचारायचं असतं, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. माझे आभार मानून तो गठ्ठ्यासकट व्हॅनमध्ये बसला आणि गेला. मी दारात हात हलवत उभी.

ती कॉमिक्स साधीसुधी नव्हती. म्हणजे होती साधीच: दर शनिवारी कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडून येणारं मुलींचं साप्ताहिक, खरखरीत कागद, आत बोर्डिंग स्कूलची रहस्यं, अनाथ मुली, बॅले आणि घोडे. पण एकदा वर्गातल्या कोणीतरी माझ्या लेकीला विचारलं, तुझ्या आईच्या कपाळावर तो लाल ठिपका कसला? लेक घरी आली, लाल बॉलपेन घेऊन बसली आणि कॉमिकमधल्या एकूण एक बाईला टिकली लावून मोकळी झाली. नायिकेला, नर्सला, हेडमिस्ट्रेसला. घोड्यालाही. पुढे दर शनिवारी कॉमिक आलं की वाचायच्या आधी हाच कार्यक्रम. मी रागवायचे: "पैसे देऊन आणलेली चित्रं कशाला खराब करतेस? त्यापेक्षा पाढे म्हण." आज कोणी मला ती हेडमिस्ट्रेस दाखवली तर मी फ्रेम करून भिंतीवर लावीन. तेव्हा पाढे.

म्हणूनच लेकीने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. पोहण्याच्या क्लासवरून आली, पलंगाखाली वाकली आणि रिकाम्या हाताने उठली. मी शूटिंगची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, बघू टीव्हीवर. काही महिन्यांनी मालिका लागली. आम्ही तिघं कोचावर दाटीवाटीने बसलो. मुलीची खोली आली, पलंग आला आणि पलंगावर एक टेडी बेअर. कॉमिकचा कपटासुद्धा नाही. लेक टीव्हीकडेच बघत हळू आवाजात म्हणाली, "बिनमध्ये टाकलीस ना, आई?"

हे मध्ये पडायला गेले, पण त्या दिवशी हे ड्युटीवर. साक्षीदार म्हणून शून्य उपयोग.

तेव्हापासून मला एकच ध्यास. कधीतरी कुठल्यातरी पडद्यावर ते कॉमिक दिसावं आणि लेकीने मान्य करावं की मी ती टाकली नव्हती. बाकी काही नको. लेक मोठी झाली, लंडनमध्ये हॅरोला संसार थाटला, ऑफिसात माणसं हाताळायला लागली, तरी घरात जुनं काही हरवलं की तिचं ठरलेलं वाक्य: "आईला विचारा, तिला बिन कुठे आहे ते माहितेय."

सुरुवातीला मी आशेने नुसतीच टीव्ही बघत होते. मग नात युनिव्हर्सिटीसाठी लीड्सला आली, दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायला लागली आणि तिने माझे डोळे उघडले. म्हणाली, "आजी, असले जुने सामान ते फेकत नाहीत. मोठे मोठे गोडाऊन असतात, तिथून प्रत्येक शोला भाड्याने देतात. तुझा कॉमिक अजून काम करत असेल." तिचं मराठी असंच आहे, पण माहिती पक्की. वर तिने मला रिमोटवरचं पॉजचं बटण दाखवलं. ते दाखवायला नको होतं, असं आता घरात सगळ्यांचं मत आहे.

कारण तेव्हाची नवीकोरी कॉमिक्स आता जुना काळ दाखवायला लागतात. जुन्या काळातली मालिका असली की कुठेतरी एक मूल आणि त्याच्या हातात कॉमिक हमखास. खून कोणी केला ते मला विचारू नका, माझं तिकडे लक्ष नसतं. मयताची मुलगी काय वाचत होती, ते विचारा. कोपऱ्यातल्या टेबलावरचा अंक मी मुखपृष्ठाच्या रंगावरून ओळखते. मुलांचा की मुलींचा, उन्हाळ्याचा की ख्रिसमसचा, सांगते. मालिकेतल्या मुलीला आज सकाळीच दुकानातून आणलेला अंक आणि त्याचा कागद चहात बुडवल्यासारखा पिवळा, पिनांना गंज चढलेला. असलं दिसलं की मी तिथल्या तिथे थांबवते.

"अगं, तो सुरा घेऊन जिन्यात उभा आहे," हे म्हणतात.

"उभा राहू दे. पळून कुठे जातोय?"

"लेकीला पन्नाशी आली. सोड की आता."

"म्हणूनच घाई आहे."

फसगतही पुष्कळ झाली. एकदा टिकली दिसली म्हणून मी लेकीला मीटिंगमधून बाहेर बोलावलं. नीट बघितलं तर गोष्टीतल्या मुलीला गोवर आलेला. एकदा अंकाच्या कोपऱ्यात पेपरवाल्याने पेन्सिलीने घातलेला घर नंबर दिसला, चौदा. आमचाच. मी फोटो काढून पाठवला. लेकीचा उलट मेसेज, "आई, या देशात प्रत्येक गल्लीत चौदा नंबर आहे." आणि एकदा, हे कोणाला सांगू नका, आमच्याच टीव्हीच्या काचेवर कुंकवाचं बोट लागलेलं होतं. मी तीन वेगवेगळ्या मालिकांत तोच अंक ओळखला होता.

या जूनमध्ये लेक गाडी घेऊन हॅरोहून आली, नातीचं हॉस्टेलचं सामान न्यायला. जेवणं झाली. लेक आत चहा टाकत होती, हे पेंगत होते, नात आणि मी एक मालिका लावून बसलो होतो. एक मुलगी हरवलेली. इन्स्पेक्टर तिच्या खोलीत येतो, खुर्चीवरचं कॉमिक उचलतो, दोन पानं चाळतो आणि सुस्कारा टाकून परत ठेवतो.

मी काही बोलायच्या आत नातीने थांबवलं होतं.

ती उठून टीव्हीला नाक लावून उभी राहिली. मग पदराने आधी काच पूस म्हणाली. मी पुसली. ठिपका जागेवरच. मला वाटतं मी श्वास घ्यायची थांबले होते, कारण ह्यांनी डोळे उघडून मला पाणी हवंय का विचारलं.

"आजी," नात म्हणाली, "घोडीला पण आहे."

"घोडा आहे तो."

"घोड्याला पण आहे."

इतकी वर्षं मी या प्रसंगासाठी भाषण तयार करून ठेवलं होतं. त्यात न्याय होता, आईचं काळीज होतं, शेवटी डोळ्यांत पाणीसुद्धा होतं, माझ्याच. प्रत्यक्षात मी स्वयंपाकघराच्या दिशेने फक्त "ये गं जरा" म्हणाले.

लेक ओट्यावरच्या फडक्याला हात पुसत आली. पडद्याकडे बघितलं. मग जवळ गेली, खाली बसली, मांडी घालून, जमिनीवर, शनिवारी सकाळी बसायची तशी. चष्मा डोक्यावर सरकवला. आत चहा उतू गेल्याचा वास आला तरी कोणी उठलं नाही. तिचे खांदे हलले, तेव्हा मला वाटलं रडतेय. वाकून बघितलं तर हसत होती.

"मग?" मी म्हटलं. "टाकली होती का मी?"

ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "बरं, टाकली नव्हतीस, पोहे खायला घालून देऊन टाकलीस. माझी होती आणि मला विचारलं नाहीस, राग त्याचा होता गं, बिनचा नव्हता. आता सरक तिकडे आणि जरा मागे घे, हेडमिस्ट्रेसला मी नथ काढली होती, ती दिसतेय का बघू दे."