आ-फूचा अर्धा नवस

तोंगशीच्या बंदरावर, समुद्राची राखण करणाऱ्या माझू देवीच्या देवळापुढे पडदा बांधताना लिएनचू नेहमी कुणाला ना कुणाला शिव्या घालायची. कधी वाऱ्याला, कधी बांबूला, कधी आपल्या निळ्या टेम्पोच्या बॅटरीला. या आठवड्यात मात्र सगळ्या शिव्या एकाच माणसासाठी राखून ठेवलेल्या होत्या, आणि तो माणूस शांतपणे उदबत्त्या पेटवत होता. थिएनफू, तिचा शेजारी, लहानपणापासूनचा आ-फू. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. दोघांचीही साठी उलटलेली, आणि भिंत इतकी पातळ की एक खोकला की दुसऱ्याची झोपमोड व्हायची.

सिनेमा दाखवायचा धंदा लिएनचूकडे वडिलांकडून आला. कुणाची इच्छा पुरी झाली की तो नवस फेडायला देवीला सिनेमा दाखवतो, आणि त्यासाठी पंचक्रोशीत आता लिएनचूच उरली होती. आधी शुभ म्हणून आठ सिद्धांचा छोटा तुकडा लावायचा, मग खरा सिनेमा. पुढच्या लाल खुर्च्या देवांसाठी मोकळ्या सोडायच्या. सुरू झालेला सिनेमा पावसातसुद्धा थांबवायचा नाही, कारण देवी बघत असते. पूर्वी मागे अख्खा गाव बसायचा, भाजक्या कणसांच्या गाड्या लागायच्या. आता दोन कुत्री येतात, त्यातलं एक आंधळं. लिएनचूला याचं फार वाईट वाटायचं. शिवाय उभा जन्म मशीनमागे गेला. एकही सिनेमा तिने खुर्चीत बसून पाहिला नव्हता.

थिएनफूची बायको वारली होती आणि पोरगा त्याला ताओयुआन शहरात कायमचं घेऊन जायला येणार होता. गाव सोडताना देवाचं देणं मागे ठेवू नये, म्हणून त्याने सगळे जुने नवस आठवून फेडायला घेतले. सगळ्यात शेवटी राहिला तो पंधराव्या वर्षी बोललेला, सिनेमाचा. सिनेमाही त्यानेच निवडला. एका गल्लीत शेजारी राहणारी एक मुलगी आणि एक मुलगा, त्यांच्या गच्चीवरचा पतंग, आणि त्या पतंगाच्या दोरीला धरून समुद्राखाली उतरलं की तिथे घरातली हरवलेली माणसं जेवत बसलेली. अट एवढीच, की दोरी दोघांनी मिळून धरायची. एकट्याने धरली तर नुसती दोरी.

पहिल्या संध्याकाळी थिएनफू ढसाढसा रडला.

"काय मैत्री होती गं त्यांची, आ-लिएन! असे शेजारी आता मिळतात का कुठे?"

"नाही मिळत," लिएनचू वायर गुंडाळत म्हणाली. "आता भिंतीपलीकडे धोंडे राहतात."

"धोंडे?"

"तू कौल लाव."

देवी तृप्त झाली का, हे विचारायला त्याने लाकडाचे दोन ठोकळे टाकले. एक उताणा नि एक पालथा पडला तर होकार. दोन्ही उताणे पडले. देवळाची देखरेख करणारे गिम काका तोंडातली सुपारी गालात सारत म्हणाले, "आई हसतेय तुला. उद्या पुन्हा दाखव."

दुसऱ्या दिवशी त्याने फळं वाढवली, नैवेद्याला डुकराचं मुंडकं ठेवलं, तोच सिनेमा पुन्हा लावला आणि पुन्हा रडला. ठोकळे दोन्ही पालथे. म्हणजे आई आता रागावली होती.

"तुझ्या मशीनचा आवाज फाटतोय," थिएनफू म्हणाला.

"माझ्या मशीनचा? इतकी वर्षं आई हाच आवाज ऐकतेय, तेव्हा नाही फाटले तिचे कान!"

"मग पडद्याला सुरकुत्या आहेत."

"सुरकुत्या माझ्या तोंडाला आहेत. तिकडे कधी बघितलंस म्हणा!"

घोडं कुठे पेंड खातंय हे लिएनचूला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पंधराव्या वर्षीच्या त्या वादळात थिएनफूच्या बापाचा बांबूचा तराफा परतला नव्हता. बायका कालवं फोडायची सोडून किनाऱ्यावर उभ्या होत्या, आणि थिएनफू नि लिएनचू, ही दोन पोरं, इथे, याच फरशीवर गुडघे टेकून बसली होती. दोघांनी एका आवाजात म्हटलं होतं: बाप परत येऊ दे, आम्ही तुला सिनेमा दाखवू आणि दोघं शेजारी बसून तुझ्यासोबत बघू. बाप परत आला. त्याच्या घरच्यांनी बाहुल्यांचा खेळ लावून आपला नवस फेडला आणि पोरांचा तसाच राहिला. लिएनचू दर जत्रेला बापाच्या रिळांमागे अडकलेली. थिएनफू काओशुंगला कारखान्यात गेला, बायको घेऊन आला, आणि विसरला. म्हणजे सिनेमा आठवला, लिएनचूला विसरला.

ती सांगू शकली असती. एका वाक्याचं काम होतं. पण आपण आठवण करून द्यायची आणि मग त्याने आठवायचं, त्याला आठवणं म्हणतात का? तिला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, पोराची गाडी यायच्या आत. तो मात्र पडद्यावरच्या शेजाऱ्यांसाठी रुमाल भिजवत होता. काखेत कळसा नि गावाला वळसा!

तिसऱ्या संध्याकाळी गिम काकांनी थिएनफूला समोर बसवलं. सकाळी पोरगा येणार होता.

"नीट आठव. नवसाला काही अट होती का?"

"अट कसली काका? वडील समुद्रात, मी पोरगा, घाबरलेलो. एकटाच इथे येऊन रडलो आणि—"

"एकटाच?" लिएनचूच्या हातातली बांबूची काठी खाली पडली. "एकटाच आला होतास? आणि तुझ्या बाजूला गुडघे कुणाचे सोलवटले होते, त्या आंधळ्या कुत्र्याचे? तुझं नाक कुणाच्या बाहीला पुसलं होतंस? दोघं शेजारी बसून बघू, असं बोललो होतो आपण, गाढवा! दोन दिवस तिथे बसून दुसऱ्यांच्या मैत्रीसाठी रडतोयस आणि मी इथे तुझ्या वायरी गुंडाळतेय!"

थिएनफू तिच्या बाहीकडे बघत राहिला. मग तो हळूच म्हणाला, "निळी बाही. फुलांची."

"पांढरी होती," लिएनचू म्हणाली, आणि आणखीच चिडली.

पण बसावं तर लागणारच होतं. तिने मशीन लावलं, देवांच्या रांगेमागे दोन स्टुलं ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षक होऊन बसली. ते तिला जमेना. दर थोड्या वेळाने ती मान वळवून मशीनकडे बघायची.

"गप बस ना, मुंगळे चावतायत का?" थिएनफू म्हणाला.

"चित्र धूसर झालंय."

"तुझे डोळे धूसर झालेत."

तेही खोटं नव्हतं. ती पडद्याकडे बघत राहिली. मुलगी गच्चीवर आली, मुलाने हाक मारली, दोघांनी दोरी धरली. एवढ्या वर्षांत हा भाग तिने शंभरदा दाखवला असेल, पण पोरीच्या चेहऱ्याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. तिला काहीतरी बोलावंसं वाटलं. ती वळली.

थिएनफू झोपला होता. हनुवटी छातीवर, तोंड उघडं, बारीक घोरणं चालू. दोन्ही दिवस ज्या ठिकाणी रडला, नेमका त्याच ठिकाणी. तिने कोपर मारलं. "हं, बघतोय, बघतोय," म्हणाला आणि पुन्हा मान टाकली. उरलेला सिनेमा लिएनचूने एकटीने पाहिला, कारण थांबवायची सोय नव्हती. रागाने तिच्या कानांतून वाफा येत होत्या.

सिनेमा संपला. थिएनफू डोळे चोळत उठला, गाभाऱ्यापुढे गेला आणि ठोकळे टाकले. एक उताणा, एक पालथा. पहिल्याच फटक्यात.

"पावली! आई पावली!" तो टाळ्या पिटत बाहेर आला. "सुटलो बाई. बघितलंस आ-लिएन, फिटला एकदाचा."

"तू झोपला होतास."

"थोडासा डोळा लागला. आईने चालवून घेतलं ना?"

"आईने घेतलं," लिएनचू म्हणाली. "आई मोठ्या मनाची. तिच्याकडे रोज कुणीतरी येतं. नवस दोघांनी बोललेला, आ-फू. तिला विचारलंस तसं मलाही विचार."

तो हसला. मग ती हसत नाही हे पाहून थांबला. गिम काकांकडे बघितलं. ते नजर चुकवून उदबत्तीची राख झाडायला लागले. शेवटी देवीपुढे जोडले होते तसे दोन्ही हात जोडून तो म्हणाला, "आ-लिएन, तुझं समाधान झालं का?"

"नाही."

मग थिएनफूने खिशातून फोन काढला आणि पोराला लावला.

"हां, मी बोलतोय. उद्या नको येऊस... अरे, कौल नाही मिळाला अजून... मी काय करू? नाही म्हणते ती."

"लाज वाटत नाही?" लिएनचू खेकसली. "देवळात उभा राहून देवीच्या नावावर खोटं बोलतोस?"

"देवीचं नाव कुठे घेतलं मी?" थिएनफू म्हणाला.