बायकांच्या वॉर्डातले पुनाआबा

शिंदखेड्याकडच्या एका गावात पुनाआबांची पिठाची गिरणी आहे. पांढरा लेंगा, टोपी आणि भुवयांवर कायम पीठ. वय सत्तरीला टेकलेलं. दळण ठेवून गेलेल्या म्हातारीचा डबा ते स्वतः तिच्या घरी पोचवतात, त्यामुळे गावात त्यांना मान आहे.

आबा जन्मले ते मुलगी म्हणून, पाचोऱ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या घरी. तिथे त्यांना पुनी म्हणत. पुनी वडिलांबरोबर औत धरायची, त्यांचाच सदरा घालायची, तोवर कुणी काही बोललं नाही. लग्न ठरलं तेव्हा मात्र तिला घरात कोंडलं. हळदीच्या आदल्या दिवशी पुनी मागच्या दारानं निघाली आणि धुळे जिल्ह्यात एसटीतून उतरला तो पुना.

गिरणीवर तो आधी गडी होता, पुढे मालक झाला. नवऱ्यानं टाकलेली ताईबाई तिथे दळण घेऊन यायची. पुनानं तिला सगळं खरं सांगितलं. ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती कपड्यांचं गाठोडं घेऊनच. तेव्हापासून गाव त्यांना नवरा-बायको म्हणूनच ओळखतं. मूलबाळ नाही यावर थोडी कुजबुज झाली, मग तीही विरली.

गेल्या वर्षी आबांच्या अंगावरून रक्त जायला लागलं. पाळी बंद होऊन कितीतरी वर्षं लोटली होती.  आबा आपले लेंगे स्वतः धुवायला लागले आणि ताईबाईच्या ध्यानात आलं.

तिनं त्यांना तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं तपासायला आडवं केलं, एकदम थांबला आणि दार उघडून कंपाउंडरला हाक मारली, "अरे इकडे ये, हे बघ." कंपाउंडर आला, त्याच्यामागून आणखी एक जण आला. आबा उठले, नाडी बांधली आणि बाहेर पडले. घरी आल्यावर म्हणाले, "आते मी कोठेच जाऊ नही."

उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. रक्त थांबेना. आबा चार पायऱ्या चढले तरी दम खात उभे राहायचे. एके दुपारी गिरणी बंद करून ओट्यावर बसले असताना ते म्हणाले, "मरानं भ्याव नही वाटस माले. पन मेल्यावर आंघोळ कोन घाली? आख्खं गाव देखी."

ताईबाई शेंगा निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. "मी घालसू. दार लावीसन घालसू. पन आते नही. आते दवाखानामा चाल."

धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर कारकून म्हणाला, "बाईंना पुढे करा."

"पेशंट मी आहे," आबा म्हणाले.

"आबा, ही बायकांच्या आजाराची रांग आहे."

"माहीत आहे."

मागे कुणीतरी हसलं. आबांनी पाय मागे घेतला. ताईबाईनं त्यांचा हात धरला. चारचौघांत तिनं असा हात कधी धरला नव्हता.

आतली डॉक्टरबाई कामानं वैतागलेली होती. तिनं कागद पाहिला, आबांच्या टोपीकडे पाहिलं. मग शिकाऊ डॉक्टरांना म्हणाली, "तुम्ही सगळे बाहेर थांबा." दार लागल्यावर तिनं कुठल्याही पेशंटला विचारावं तसं विचारलं, "कधीपासून जातंय, आबा? पोटात दुखतं का?" आबांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "फार उशीर केलात." ती रागावली होती, पण त्यांना हसली नव्हती, एवढंच आबांच्या लक्षात राहिलं.

सोनोग्राफीत गर्भपिशवीमध्ये गाठ दिसली. ती काढून तपासायला पाठवायची, त्यासाठी भरती व्हावं लागणार होतं. खाट मिळाली ती बायकांच्या वॉर्डात. सिस्टरनं कोपरा दिला, भोवती पडदा ओढला. तरी कुजबुज व्हायची ती झालीच. "बाप्या माणूस इथं कसा?" एका पेशंटची सासू मोठ्यानं म्हणाली.

शेजारच्या खाटेवर सुंदरबाई नावाची म्हातारी होती, दोंडाईच्याकडची. तिनं पडदा थोडा सरकवला. "तुम्ही कोणाचं पेशंट घेऊन आले, भाऊ?"

"मीच पेशंट."

सुंदरबाईनं पडदा आणखी सरकवला. "तुमचीबी पिशवी?"

"हो."

"मग पडून राहा. बसलं की कळा येतात." आणि त्या सासूकडे वळून ती म्हणाली, "दुखणं आहे म्हणून आलाय ना माणूस. तुझं काय घेतलं त्यानं?" संध्याकाळी तिच्या घरून आलेल्या खिचडीतली अर्धी तिनं ताईबाईला दिली.

गाठ निघाली. घरी सोडलं, पण तपासणीचा निकाल यायचा होता. ते दिवस ताईबाईला जेवण गेलं नाही. आबा मात्र गिरणीवर बसून राहिले, पट्टा चालू न करता.

दोघं पुन्हा धुळ्याला गेली तेव्हा डॉक्टरबाईनं उभ्या उभ्याच सांगितलं, "साधी गाठ होती. कॅन्सर नाही. गोळ्या घ्या, अंगातलं रक्त भरून येईल. सहा महिन्यांनी दाखवायला या."

"परत त्याच रांगेत?" आबांनी विचारलं.

"रांगेत नको. सरळ माझ्या दारावर या. मी नसले तर सिस्टरला सांगून ठेवते."

बाहेर आल्यावर आबा पायरीवर बसले आणि टोपीनं तोंड पुसू लागले. ताईबाई शेजारी बसली. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते.

परतीच्या बसमध्ये आबांना भूक लागली. ताईबाईनं भाकरी काढून दिली. ती वातड झालीय, ठेच्यात मीठ नाही, खिडकी लागत नाही, अशी त्यांची कुरकुर सोनगीरपर्यंत चालू होती. ताईबाई ऐकत होती. कितीतरी महिन्यांत आबांनी कशाबद्दल तक्रारसुद्धा केली नव्हती. तिनं उरलेल्या भाकरीचा तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला आणि सावकाश चावू लागली.