दोराची चुंबळ

सैन्यात बायकांनी लढावं की नाही, यावर आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा झाली. मी मागच्या बाकावर बसून दोन्ही बाजू ऐकल्या. तावातावानं बोलणाऱ्यांपैकी कुणालाच जायचं नव्हतं. जायचं होतं मला, आणि मी स्पर्धेत नाव दिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी लातूरहून औशाकडे येणाऱ्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकलं. काच थरथरत होती. त्या थरथरीत मला दूर कुठंतरी तोफा चालल्यासारखं वाटलं. बाहेर सूर्यफुलाचं रान मागं पळत होतं आणि मी अर्धी झोपेत, अर्धी कुठल्यातरी डोंगरावर होते. बाया आता तोफखान्यात अधिकारी होऊ लागल्यात, हे मी वाचनालयातल्या पेपरात वाचलं होतं. इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं.

आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या नावानं आला. हे मी मिरवून सांगते. का सांगू नये? मग सैन्यातल्या अधिकारीपदाची लेखी परीक्षा दिली, पास झाले, आणि मुलाखतीचं बोलावणं आलं.

औशाच्या बाजारात मोटारी वाइंडिंग करणारे एक चाचा आहेत. तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. विहिरीवरची आमची मोटार जळली की आई त्यांच्याकडेच नेते. बोलावण्याचं सांगायला मी आईबरोबर गेले, तेव्हा ते तांब्याची तार गुंडाळत बसले होते.

"बेटा, पाच दिवस ठेवून घेतेत," चाचा म्हणाले. "बोलायला लावतेत, पळायला लावतेत, माणूस उलटापालटा करून बघतेत." मग आईकडे वळले. "भाभी, तोफेचा गोळा पंचेचाळीस किलोचा असतो. खेळ न्हाई."

"किती म्हणलाव?"

"पंचेचाळीस."

"हात्तिच्या! सोयाबीनचं पोतं साठाचं हाय. ते काय तुमची पलटण येऊन उचलती का?"

चाचा इतके हसले की हातातली तार सुटली आणि वेढे पुन्हा घालावे लागले. "हाव भाभी, तुमालाच भरती करून टाकतो."

"मला नका, हिला करा. मी गेल्यावर म्हशीला कोण बघंल?"

"ही तर साहेब होणार. गोळा जवान चढवतील."

"चढवू द्या की. पर हिला उचलता आला पायजे."

निवड केंद्र परराज्यात होतं. तिथले पाच दिवस मला आजही सलग आठवत नाहीत. झोपेत पाण्याखाली डोळे उघडावेत तसे तुकडे दिसतात. पांढऱ्या चुन्याच्या रेषा. छातीवर-पाठीवर अकरा नंबरचं कापड. सगळीकडे इंग्रजी, आणि माझं इंग्रजी मनात मराठी जुळवून मग बाहेर येणारं. माझ्या गटातल्या बाकी सात मुली बहुतेक अधिकाऱ्यांच्याच लेकी. वाईट नव्हत्या, पण त्यांना तिथलं सगळं आधीच माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी आम्हा आठ जणींना मैदानावर नेलं. दोन रेषांमधली जमीन म्हणजे खोल पाणी समजायचं; पाय लागता कामा नये. मध्ये एक लोखंडी पिंप उभं. हाताशी एक फळी, वाशासारखी एक लाकडी बल्ली, एक दोर. आणि एक जड पेटी, तो आमचा दारूगोळा. पेटीसकट सगळ्यांनी पलीकडे पोचायचं.

फळी पिंपापर्यंत पोचत होती. ती टाकली, आणि पुढचं अंतर कसं कापायचं यावर मुली एकाच वेळी बोलू लागल्या. मला त्यातलं निम्मं कळेना. मला फक्त पेटी दिसत होती. कुणी तिला हात लावत नव्हतं.

मग मी दहा वर्षांची असल्यापासून जे करत आलेय तेच केलं. दोर गोल गुंडाळला, चुंबळ केली, डोक्यावर ठेवली. वर पेटी घेतली आणि फळीवर चालू लागले.

तेवढं मात्र अगदी स्वच्छ आठवतं. फळी फळी राहिलीच नाही. पायाखाली आमच्या शेताचा बांध होता, पावसानं फुगलेला, दोन्हीकडे काळं रान. डोक्यावर वजन आलं की माझी मान आपोआप लांब होते, श्वास खाली उतरतो आणि आवाज लांब जातात. मी पिंपावर जाऊन उभी राहिले. हात मोकळे होते. मागून येणाऱ्या मुलीचा तोल गेला तेव्हा मी तिचं मनगट धरलं, तिला वर घेतलं. पेटी हलली नाही.

मागं गोंधळ चालला होता. फळी आणि बल्ली एकमेकींना बांधायची होती, आणि दोर सापडेना.

"दोर कुठाय? आत्ता तर इथं होता!"

सगळ्या जमिनीवर शोधत होत्या. मीसुद्धा. मान सरळ ठेवून, डोळे खाली करून मी पिंपावरून दोर शोधत होते. शेवटी वर घेतलेली ती मुलगीच म्हणाली, "अगं, तुझ्या डोक्यावर आहे!"

सगळ्या हसल्या. वेळ गेला. काम अर्धंच राहिलं. बाजूला उभ्या अधिकाऱ्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली.

पाचव्या दिवशी एकेकीला मंडळासमोर बोलावलं. लांब टेबलापलीकडे पुष्कळ गणवेश. मधल्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं, पेटी डोक्यावर का घेतलीस?

"हात मोकळे राहतात, सर."

"आणि दोर?"

"चूक झाली, सर. दोर सगळ्यांचा होता. विचारून घ्यायला हवा होता."

कुणी हसलं नाही. जा म्हणाले.

बाहेर ओळीत उभं करून त्यांनी दोनच नंबर पुकारले. दुसरा अकरा होता. मी कापडावरचा आकडा खाली वाकून वाचला, मगच पुढे गेले.

जमा केलेले फोन परत मिळाले. आई रानात होती.

"आई, घेतलं मला. आता डॉक्टर तपासतील, मग यादी लागंल."

"तोफेवर?"

"मी तेच मागणार हाय. मिळंल का न्हाई, पुढं ठरतंय."

ती काहीतरी टोला हाणेल म्हणून मी हसायच्या तयारीत होते. पण आवाज आला तो चाचांच्या दुकानातल्या आईचा नव्हता.

"तिथं एकदम म्होरं उभं राहावं लागतंय का गं?"

खोटं बोलता आलं असतं.

"हाव," मी म्हणाले. "म्हणूनच जायलेय."

वारा ऐकू आला. वाळलेल्या तुरीच्या शेंगा वाजत होत्या.

"आई? ऐकायलीस ना?"

"हाव. फोन ठिवू नको. जरा बोलू नको, पर ठिवू नको."

मी मैदानाच्या कडेला फोन कानाशी धरून उभी राहिले. समोर नव्या तुकडीतल्या मुली आपापली नंबरची कापडं एकमेकींच्या पाठीवर बांधत होत्या.