कुंकवासकट
मोर्चा संपला की आम्ही मेणबत्त्या फुंकतो आणि त्या धुराच्या वासानं मी थेट तिसरीत जाते. मिशनच्या शाळेचा सण होता, चर्चमध्ये मागच्या बाकांवर आम्ही हिंदू पोरं. तुम्ही प्रसादाच्या रांगेत यायचं नाही, असं बजावलेलं. मला ते पटलं नाही. प्रसादाला कोणी कोणाला अडवतं का? मी घुसलेच. फादरनी तळहातावर ठेवलेली पातळ पांढरी चकती मुठीत धरली आणि नागऱ्याच्या महादेवाचा प्रसाद आणतो तशी घरी आणली. आईनं ती देवघरात ठेवून हळदकुंकू वाहिलं. चर्चवाल्यांच्या लेखी त्या चकतीत साक्षात देव असतो, हे आम्हाला कुठे ठाऊक? संध्याकाळी मोठ्या सिस्टर धानाच्या बांधावरून चिखल तुडवत आल्या. कोणीतरी चुगली केली होती. आता शाळेतून नाव कटणार, म्हणून मी आईच्या मागे लपले. "देवाजवळच ठेवला जी, उष्टा नाही केला," आई घाबरून म्हणाली. सिस्टरनी चपला काढल्या, शेणानं सारवलेल्या भुईवर, आमच्या देवांसमोर गुडघे टेकले आणि बराच वेळ डोळे मिटले. मग चकती उचलली. "कुंकू त पुसा जी," आई म्हणाली. "राहू द्या बाई, तुम्ही मानानं ठेवलं," म्हणत त्यांनी ती कुंकवासकट जिभेवर ठेवली. जाताना मला म्हणाल्या, "उद्या शाळेत ये. लाइनीत मात्र घुसू नको." आज मी समतेची पत्रकं गठ्ठ्यानं लिहिते. लिहिताना सिस्टरच्या ओठाला लागलेलं ते लाल कुंकू आठवतं आणि निम्मे मोठे शब्द मीच खोडते.